मायक्रॉनचा हिशेब : धातूच्या थ्री-डी प्रिंटेड भागाला फिनिश आणण्याची क्रमवार पद्धत

लेथ आणि मिलिंगच्या कामात वाढलेल्या माणसाच्या हाती धातूचा थ्री-डी प्रिंट केलेला भाग पहिल्यांदा येतो, तेव्हा तो नकळत त्यावरून अंगठा फिरवतो आणि हिरमुसतो. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात ३१६ एल स्टेनलेस स्टीलचा पहिला मॅनिफोल्ड (द्रव किंवा हवा वेगवेगळ्या वाटांनी नेणारा ठोकळा) आला, तेव्हा माझेही तसेच झाले. आतले वळणदार मार्ग कोणत्याही ड्रिलला जमले नसते असे होते, पण बाहेरून तो जाड एमरी पेपरसारखा लागत होता. बफिंगला दिला की होईल चकचकीत, असे म्हणून मी तो दुसऱ्याच दिवशी जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या कारागिराकडे, धाडला. चार दिवसांनी परत आला तो आरशासारखा चमकत होता. मात्र ओ-रिंग (गळती थांबवणारे रबरी कडे) बसवण्याच्या खाचेचे माप ८० मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गेले होते, आणि त्या चमकत्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडली होती. बफिंग करणाऱ्याची त्यात काडीचीही चूक नव्हती. त्याला मी माप सांगितले नव्हते आणि काढायला जादा धातूही ठेवला नव्हता.

फिनिशिंगची प्रत्येक पद्धत धातू काढून टाकते किंवा दाबून बसवते. त्यामुळे कोणत्या पृष्ठभागावरून किती मायक्रॉन जाणार, याचा हिशेब प्रिंटिंगची ऑर्डर देण्याआधी मांडावा लागतो. पुढील पायऱ्या लेझर पावडर-बेड पद्धतीने केलेल्या भागांसाठी, म्हणजे पावडरचा थर पसरून तो लेझरने वितळवणाऱ्या यंत्रांवरील भागांसाठी लिहिल्या आहेत, कारण नवख्या माणसाकडे बहुधा असेच भाग येतात.

१. कोणत्या पृष्ठभागाला कोणते फिनिश हवे, ते आधी ठरवा

संपूर्ण भागाला एकच फिनिश मागणे ही सर्वांत महागडी चूक आहे. ड्रॉइंगची एक प्रत घ्या आणि रंगीत पेन्सिलीने पृष्ठभागांचे तीन गट करा : जिथे दुसरा भाग बसतो किंवा सील होतो ते, जिथून द्रव किंवा हवा वाहते ते, आणि जे नुसते दिसतात ते. आमच्या मॅनिफोल्डवर पहिल्या गटात एकूण पाच पृष्ठभाग निघाले. बाकी सगळा भाग ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा) करून सोडला असता तरी चालले असते.

प्रत्येक गटापुढे आरएचा आकडा मायक्रॉनमध्ये लिहा. आरए म्हणजे पृष्ठभागाच्या रेषेतील उंचवटे आणि खळगे यांचे मध्यरेषेपासूनचे सरासरी अंतर. ओ-रिंगच्या खाचेला साधारणपणे १.६ किंवा त्याहून कमी, आणि सामान्य जोडाच्या पृष्ठभागाला ३.२ हे आकडे मशीन शॉपमध्ये सर्वांना परिचित आहेत. आपल्याकडे अजून अनेक जुने कारागीर त्रिकोणांच्या भाषेत बोलतात, आणि जॉबवर्कला दिलेल्या भागाबद्दल "तीन त्रिकोण देतो" असे आश्वासन मिळते. त्यावर समाधान मानू नका, कारण तीन त्रिकोणांत ०.८ देखील बसतो आणि ०.१ देखील. आकडाच लिहून द्या.

भागावर वारंवार बदलता भार येणार असेल, तर केवळ आरए पुरेसा नाही. भेग खोल खळग्यापासून सुरू होते, आणि सरासरीच्या आकड्यात एकटा खोल खळगा लपून जातो. तिथे आरझेड, म्हणजे उंचवट्याच्या टोकापासून खळग्याच्या तळापर्यंतची उंची, हीदेखील नमूद करा.

२. खडबडीतपणा कुठून येतो ते समजून घ्या

ही पायरी वाचून सोडून देण्याचा मोह होईल, परंतु पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

पहिले कारण म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. भाग थरांनी बनतो, त्यामुळे तिरकी भिंत म्हणजे प्रत्यक्षात बारीक पायऱ्यांची उतरंड असते. थराची जाडी गुणिले तिरक्या पृष्ठभागाने आडव्याशी केलेल्या कोनाची कोसाइन, भागिले ४, एवढा आरए केवळ या पायऱ्यांमुळे येतो. थर ३० मायक्रॉनचा आणि उतार ४५ अंशांचा असेल, तर हा आकडा सुमारे ५.३ भरतो, उतार १० अंशांचाच असेल, तर सुमारे ७.४. म्हणजे जवळजवळ आडवा असलेला हलका उतार हा उभ्या भिंतीपेक्षा अधिक त्रासदायक असतो.

या सूत्राने उभ्या भिंतीचा आरए शून्य यायला हवा, पण तो तसा कधीच येत नाही. वितळलेल्या धातूच्या कडेला शेजारची न वितळलेली पावडर अर्धवट चिकटते, हे दुसरे कारण. पावडरचा कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा असतो आणि असे हजारो कण भिंतीला मुरमांसारखे चिकटलेले असतात. म्हणूनच थर पातळ करा म्हणजे फिनिश सुधारेल, हा सल्ला अर्धाच खरा आहे : पायऱ्या लहान होतात, पण मुरमे तशीच राहतात आणि प्रिंटिंगचा वेळ मात्र वाढतो.

तिसरे कारण खाली तोंड असलेल्या पृष्ठभागांचे. तिथे लेझरखाली घट्ट धातू नसून सैल पावडर असते. ती उष्णता वाहून नेत नाही, वितळलेला धातू खाली झिरपतो आणि लोंबकळलेले थेंब तयार होतात. एकाच भागावर वरच्या तोंडाचा आरए ५ आणि खालच्या तोंडाचा २० असू शकतो, हे पहिल्यांदा मोजले तेव्हा मला मीटरच बिघडल्यासारखे वाटले होते. याशिवाय सपोर्ट (भागाला टेकू म्हणून सोबत प्रिंट केलेले आधार) तोडल्यावर उरणारे खुंट असतात, ते वेगळेच.

३. कागदपत्रे आणि साधने जमवा

जॉबवर्कच्या दारात उभे राहून फोनवर ड्रॉइंग शोधण्याची वेळ येऊ नये, म्हणून पुढील गोष्टी एका फाइलमध्ये ठेवा.

कागदपत्रे :
– पृष्ठभागांचे गट आणि आरएचे आकडे दाखवणारे ड्रॉइंग. सोबत स्टेप फाइल (डिझाइनची त्रिमितीय संगणक-फाइल).
– बिल्ड प्लेटवर (ज्या धातूच्या पाटावर भाग प्रिंट होतो त्यावर) भाग कोणत्या दिशेने ठेवला होता त्याचे चित्र. प्रिंटिंग करणाऱ्याकडून ते मागून घ्यावे लागते, आपणहून कोणी देत नाही.
– पावडरचे आणि हीट ट्रीटमेंटचे प्रमाणपत्र, भट्टीच्या तापमानाच्या आलेखासह.
– जॉबवर्कचे चलन. जीएसटीच्या नियमांनुसार जॉबवर्कला पाठवलेला माल १ वर्षाच्या आत परत यावा लागतो. फिनिशिंगचे नमुने दोन-तीन ठिकाणी विखुरलेले असतात, तेव्हा हे हमखास विसरले जाते.
– रसायनांचे काम असेल तर त्या युनिटकडील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची प्रत.

साधने :
– खडबडीतपणा मोजण्याचा पोर्टेबल टेस्टर, किंवा निदान तुलनेसाठी कंपॅरेटर प्लेट.
– मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि महत्त्वाच्या छिद्रांसाठी प्लग गेज.
– आतले मार्ग पाहण्यासाठी बारीक एंडोस्कोप कॅमेरा.
– ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू. याचा उपयोग पुढे सांगतो. सगळ्या साधनांत हाच मला सर्वाधिक कामी आला आहे.
– कानस, डाय ग्राइंडरचे कार्बाइड बर (फिरती दातेरी टोके), निरनिराळ्या ग्रेडचे एमरी पेपर. हे सगळे मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळते. फक्त बर घेताना दातांचा प्रकार पाहून घ्या, कारण ॲल्युमिनियमचा आणि स्टीलचा बर वेगळा असतो.

४. प्रिंटिंगची ऑर्डर देण्यापूर्वी करायच्या गोष्टी

अर्धे फिनिशिंग इथेच होते, आणि तेही फुकटात.

सील होणारे आणि दिसणारे पृष्ठभाग शक्यतो उभे किंवा वर तोंड करून ठेवायला सांगा. खाली तोंड असलेला आणि आडव्याशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन करणारा पृष्ठभाग बहुधा सपोर्ट मागतो, म्हणून तिथे नंतर कानस पोहोचेल की नाही ते आधी पाहा. आतल्या गोल मार्गांचा माथा हा खाली तोंड असलेलाच भाग असतो. तो थेंबाच्या आकाराचा किंवा टोकदार कमानीचा केला, तर सपोर्टशिवाय आणि बऱ्या फिनिशने प्रिंट होतो.

यानंतर जादा धातू ठेवा. मशीनिंग करायच्या पृष्ठभागावर मी ०.५ मिलिमीटर ठेवतो, आणि भाग मोठा किंवा वाकण्याची शक्यता असलेला असेल तर १ मिलिमीटर. इलेक्ट्रोपॉलिशिंग (आम्लाच्या टाकीत विजेने धातू विरघळवणे) किंवा व्हायब्रो (कंप पावणाऱ्या भांड्यात घासणे) होणार असेल, तर प्रत्येक बाजूने जाणारे मायक्रॉन त्या पृष्ठभागात मिळवा, आणि छिद्रांच्या व्यासात हे दुप्पट मोजले जाते हे विसरू नका. एका बाजूने ३० मायक्रॉन गेले की छिद्र ६० मायक्रॉनने मोठे होते. १० मिलिमीटरच्या एच-७ (अचूक जोडासाठीच्या) छिद्राला मापात कमी-जास्त होण्याची संपूर्ण सवलत केवळ १५ मायक्रॉनची असते. असे छिद्र लहान प्रिंट करून शेवटी रीमरनेच (छिद्र नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) पूर्ण करावे.

मशीनवर भाग पकडायचा कुठे, हा प्रश्न प्रिंट झाल्यावर सुचला तर उशीर झालेला असतो. खडबडीत वक्र भाग व्हाइसमध्ये धड बसत नाही. म्हणून तीन छोटे सपाट टेकू आणि पकडण्यासाठी एखादा कान डिझाइनमध्येच ठेवून तो शेवटी कापून टाकावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना : भागाबरोबर त्याच प्लेटवर एक नमुना पट्टी प्रिंट करून घ्या, जिच्यावर उभा, ४५ अंशांचा, वर तोंडाचा आणि खाली तोंडाचा असे चारही पृष्ठभाग असतील आणि एक बारीक आरपार छिद्र असेल. प्रत्येक नवे फिनिशिंग आधी या पट्टीवर करून पाहायचे. आमचा पहिला मॅनिफोल्ड अशा एका पट्टीने वाचला असता.

५. पावडर काढणे, ताण घालवणे, प्लेटपासून सोडवणे – याच क्रमाने

आतल्या मार्गांतील सैल पावडर भट्टीत जाण्याआधी पूर्णपणे निघालीच पाहिजे. भट्टीत ती पावडर एकमेकांना चिकटून दगड होते आणि मग कोणतेही फिनिशिंग तो मार्ग उघडू शकत नाही. इथे तराजू उपयोगी पडतो : भाग प्लेटपासून सुटा प्रिंट झाला असेल, तर संगणकावरील घनफळाला घनतेने गुणून अपेक्षित वजन काढा आणि प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहा. प्लेटला जोडलेल्या भागासाठी कॅमेरा आत घालून पाहण्यावाचून पर्याय नाही. पावडर उघड्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ती फुफ्फुसात जाते, आणि ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमची असेल तर हवेत पसरलेली पावडर ठिणगीने स्फोटासारखी पेटते.

त्यानंतर भाग प्लेटवर असतानाच ताण घालवण्यासाठी भट्टीत जातो. आधी प्लेटपासून कापला, तर आत साठलेल्या ताणाने तो केळ्यासारखा वाकतो, आणि मग मशीनिंगसाठी ठेवलेला अर्धा मिलिमीटर एका टोकाला पुरत नाही व दुसऱ्या टोकाला जास्त होतो. १० टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूसाठी सुमारे ३०० अंश सेल्सिअसला २ तास ही सर्वपरिचित रीत आहे. टायटॅनियमची भट्टी निर्वात किंवा आरगॉनची असावी. हवेत तापवले तर प्राणवायू शोषलेला कठीण, ठिसूळ थर वर तयार होतो. तो वरून नुसता रंग बदलल्यासारखा दिसतो, पण पूर्ण काढून टाकावा लागतो आणि हिशेबातले मायक्रॉन तिथेच खर्ची पडतात.

प्लेटपासून सोडवण्यासाठी वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणे) उत्तम. बँडसॉ स्वस्त आणि जलद आहे, पण त्यासाठी तळाशी २ ते ३ मिलिमीटर जादा उंची ठेवावी लागते.

६. सपोर्ट काढणे आणि हाताचे काम

पक्कड आणि छिन्नीने मोठे सपोर्ट काढा, खुंट डाय ग्राइंडरने उतरवा आणि शेवटी कानस मारा. खुंट ओढून तोडू नका; तो मूळ भागाचा तुकडा घेऊन निघतो आणि मागे खड्डा राहतो. किंचित उंच कापून नंतर घासणे केव्हाही बरे.

सुरक्षिततेची एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण मुंबईतल्या एकाच छोट्या गाळ्यात सगळे धातू एकाच ग्राइंडरवर घासले जातात. ॲल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाचा गंज एकत्र आला आणि वर ठिणगी पडली, तर अतिशय तीव्र उष्णतेची अभिक्रिया होते. रेल्वेचे रूळ जोडताना हीच अभिक्रिया मुद्दाम घडवून आणतात. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमसाठी वेगळी जागा, वेगळी चाके आणि वेगळा डबा ठेवा. ही धूळ पेटली तर पाणी ओतू नका, पाण्याने हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. डी-वर्गाचे (धातूच्या आगीसाठीचे) अग्निशामक किंवा निदान कोरड्या वाळूची बादली हाताशी असू द्या.

७. ब्लास्टिंग

चिकटलेली पावडर काढण्यासाठी ब्लास्टिंग ही जवळजवळ प्रत्येक भागाची पहिली पायरी असते. ॲल्युमिना ग्रिट कापते आणि मळकट, बिनचमकीचा पृष्ठभाग देते. काचेचे मणी ठोकतात आणि मऊ चकाकी देतात. माझा क्रम आधी ॲल्युमिना आणि मग काच असा आहे, दाब साधारण ३ ते ५ बार, आणि ॲल्युमिनियमसाठी त्याहून कमी.

इथे दोन फसगती आहेत. पहिली, स्टेनलेस किंवा टायटॅनियमचा भाग स्टीलच्या शॉटने किंवा लोखंडी भागांसाठी वापरलेल्या ग्रिटने ब्लास्ट करणे. लोखंडाचे बारीक कण पृष्ठभागात रुततात आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आठवड्याभरात तांबूस ठिपके उमटतात. मग ग्राहक म्हणतो की तुमचे ३१६ एल नकली आहे. त्या युनिटमध्ये कॅबिनेट वेगळे आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे : मणी उंचवट्यांना चापट करून खळग्यांवर दुमडतात, मीटरवर आरए छान उतरतो, पण दुमडीखाली पोकळी तशीच राहते. पुढे इलेक्ट्रोपॉलिशिंग केले की ती दुमड विरघळते आणि खड्डे पुन्हा वर येतात.

८. बाहेरील पृष्ठभाग : मशीनिंग की व्हायब्रो

पहिल्या गटातील पृष्ठभागांना मशीनिंगच करा. त्याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका. पातळ भिंती थरथरतात, म्हणून त्यांना आतून मेण भरून आधार देता येतो. आणि इनकोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू) असेल, तर पूर्ण कठीण करण्याच्या हीट ट्रीटमेंटआधीच बहुतेक धातू काढून घ्या.

उरलेल्या बाहेरील पृष्ठभागांसाठी व्हायब्रो हा सर्वांत किफायतशीर मार्ग. कंप पावणाऱ्या भांड्यात सिरॅमिकचे तुकडे, पाणी आणि कंपाऊंड यांत भाग कित्येक तास फिरत राहतो. प्रिंटेड भागाला कडांवरची धातूची कुसे काढण्याच्या नेहमीच्या कामापेक्षा फार जास्त वेळ लागतो, हे व्हायब्रोवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो सवयीने दोन तासांत भाग बाहेर काढेल. आधी कापणारे खरखरीत तुकडे आणि मग गुळगुळीत करणारे, अशा दोन फेऱ्या लागतात. कडा गोल होतात, बाहेरचे कोपरे सर्वांत जास्त झिजतात आणि आतले कोपरे जवळपास तसेच राहतात. धारदार राहायला हवी अशी कड असेल तर ती नंतर मशीन करा, आटे रबरी बुचांनी झाका, आणि छिद्राच्या मापाचे तुकडे टाळा. अडकलेला एक त्रिकोणी तुकडा काढण्यासाठी मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे.

९. आतले मार्ग

प्रिंटिंगचा खरा फायदा आतल्या मार्गांत असतो आणि फिनिशिंगची खरी अडचणही तिथेच. ब्लास्टिंग वळणापलीकडे पोहोचत नाही, व्हायब्रोचे तुकडे आत शिरत नाहीत. इथे ॲब्रेसिव्ह फ्लो ही पद्धत कामी येते : सिलिकॉन कार्बाइडसारखे कापणारे कण मिसळलेला, मळलेल्या कणकेसारखा घट्ट पदार्थ दोन सिलिंडरांच्या मध्ये भाग धरून दाबाने पुढे-मागे ढकलला जातो.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. मार्ग जिथे अरुंद, तिथे तो जास्त कापतो. मार्गाला फाटे असतील, तर पदार्थ सोप्या वाटेने जातो आणि अरुंद फाटा कोराच राहतो, म्हणून फाटे आळीपाळीने बंद करावे लागतात. आणि तोंडाच्या कडा गोलावतात. तिथे सील असेल, तर तोंडापाशी थोडी जादा लांबी ठेवून ती शेवटी कापून टाका. भागाला बसणारे फिक्स्चर लागते, त्यामुळे एका भागासाठी खर्च जड वाटतो. दहा-बारा भाग एकत्र असतील तर परवडतो.

१०. इलेक्ट्रोपॉलिशिंग आणि रासायनिक पद्धती

स्टेनलेससाठी फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात भाग धन टोकाला जोडतात. उंचवट्यांच्या टोकांवरून धातू आधी विरघळतो. चमक अप्रतिम येते, आणि नेमकी तीच फसवते. इलेक्ट्रोपॉलिशिंग बारीक खडबडीतपणा काढते, रुंद लाटा काढत नाही. अंदाजासाठी असे धरा की चांगल्या कामात आरए सुमारे निम्म्यावर येतो. १० वरून थेट टाकीत टाकलेला भाग ५ च्या आसपास येईल : संत्र्याच्या सालीसारखा, पण चकचकीत. म्हणून आधी ब्लास्टिंग किंवा व्हायब्रोने आरए २ च्या जवळ आणा आणि मगच टाकीत पाठवा.

किती धातू गेला, हे तराजूने समजते. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल आणि २० मायक्रॉन गेले असतील, तर ०.२ घन सेंटिमीटर, म्हणजे स्टेनलेसचे सुमारे १.६ ग्रॅम कमी झाले पाहिजेत. टाकीपूर्वी आणि नंतरचे वजन चलनावरच लिहून घ्या. "जास्त काढले नाही हो" या वाक्यापेक्षा ते विश्वासार्ह असते. मात्र हा आकडा सरासरीचा आहे. कडांवरून जास्त जाते, खोल खोबणीतून कमी, आणि आतल्या मार्गात वेगळा इलेक्ट्रोड घातल्याशिवाय जवळजवळ काहीच जात नाही.

फार धातू काढण्याचा धोका पहिल्या मॅनिफोल्डने मला शिकवला. लेझर कडेची रेषा आणि आतला भराव वेगवेगळे वितळवतो. त्या दोहोंच्या सांध्यात, पृष्ठभागाखाली एक-दोन दशांश मिलिमीटरवर, बारीक छिद्रांची रांग असू शकते. तुम्ही घासत घासत नेमके तिथवर पोहोचलात, की छिद्रे उघडी पडतात. गरम समदाब प्रक्रिया, ज्याला सगळे हिप म्हणतात, अशी बंद छिद्रे मिटवते. टायटॅनियम ६-४ (ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू) साठी सुमारे ९२० अंश आणि १०० मेगापास्कल अशी ती केली जाते. पण पृष्ठभागाला उघडलेले छिद्र हिपने मिटत नाही, कारण दाबाचा वायू त्यात शिरतो. म्हणजे हिप करायचे असेल तर ते खोल फिनिशिंगच्या आधी, नंतर नव्हे.

टाकीतून निघाल्यावर धुण्याकडे स्वतः लक्ष द्या. बंद टोकाच्या मार्गात आम्ल अडकते आणि आठवड्याने डाग होऊन बाहेर येते. शेवटची धुलाई डीएम वॉटरने (क्षार काढलेल्या पाण्याने) करून गरम हवेने वाळवून घ्या.

टायटॅनियमचे रासायनिक फिनिश हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात होते. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून हाडापर्यंत पोहोचते आणि वेदना अनेकदा उशिरा सुरू होते. त्या युनिटमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कुठे ठेवले आहे, हे विचारा; उत्तर लगेच मिळाले नाही, तर भाग परत घेऊन या. स्वतःच्या गाळ्यात बादलीत हा प्रयोग कदापि करू नका. चांगल्या युनिटला विचारण्यासारखा दुसरा प्रश्न आम्लांच्या प्रमाणाचा : नायट्रिक कमी पडले तर टायटॅनियम हायड्रोजन शोषून ठिसूळ होतो.

११. मोजणी

पोर्टेबल टेस्टर बहुधा ०.८ मिलिमीटरच्या कटऑफवर (ज्या लांबीपेक्षा रुंद लाटा मोजणीतून वगळल्या जातात ती लांबी) लावलेला असतो, कारण मशीन केलेल्या भागांना तो योग्य आहे. आरए २ ते १० दरम्यान असेल तर कटऑफ २.५, आणि १० च्या वर असेल तर ८ मिलिमीटर हवा. चुकीच्या कटऑफवर रुंद लाटा गाळल्या जातात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. जॉबवर्कवाल्याचा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर भांडण्याआधी दोघांचे कटऑफ पाहा. २.५ च्या कटऑफला पाच लांब्या, म्हणजे १२.५ मिलिमीटरची सलग सपाट जागा लागते. ती भागावर नसेल, तर नमुना पट्टीवर मोजा.

एकाच जागी एक वाचन घेऊ नका. थरांना आडवी आणि थरांच्या दिशेने, वर तोंडावर आणि खाली तोंडावर, प्रत्येकी तीन वाचने घ्या आणि त्यातील सर्वांत वाईट आकडा रिपोर्टमध्ये लिहा.

१२. पॅकिंग

स्टेनलेसचा भाग शेवटी पॅसिव्हेट करून घ्या, म्हणजे गंज रोखण्यासाठी आम्लाने त्याचा पृष्ठभाग साफ करून घ्या. नायट्रिक किंवा सायट्रिक, दोन्ही चालतात. मॅरेजिंग स्टीलसारख्या गंजणाऱ्या धातूला फिनिशिंगनंतर हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नका, कारण घामट बोटांचा ठसा जुलै महिन्यात एका रात्रीत गंज होऊन उमटतो. वर्तमानपत्रात गुंडाळणे बंद करा. कागद ओल धरतो. गंजरोधक व्हीसीआय पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि ओ-रिंगच्या खाचांवर प्लास्टिकची टोपी, एवढे करून भाग पुठ्ठ्याच्या खोक्यात असा बसवा की तो हलणार नाही. पावसाळ्यात खोके टेम्पोतून जाणार असेल, तर पिशवी भाग पूर्ण थंड आणि कोरडा झाल्यावरच बंद करा. वाळवणीतून निघालेला गरम भाग लगेच बंद केला, तर आतली वाफ त्याच्यावरच थिजते.